रिमोट, हवा की पेटी? शटर उघडत नसेल तर आधी गुन्हेगार शोधा

प्रश्न असा आला आहे: "आम्ही विलेपार्ले पूर्वेला राहतो. तळमजल्यावर आमचं बंद गॅरेज आहे, त्याला चार वर्षांपूर्वी मोटरवालं रोलिंग शटर बसवलं. गणपतीनंतर त्याचा रिमोट दगा द्यायला लागला. पूर्वी गल्लीच्या वळणावरून बटण दाबलं की शटर उघडायचं, आता गाडीतून उतरून शटरला जवळजवळ टेकून उभं राहावं लागतं. सकाळी बरा चालतो, संध्याकाळी परत आल्यावर नखरे. सेल नवीन घातला. रिमोटचा लाल दिवा लागतो. भिंतीवरच्या बटणांनी शटर नीट वर-खाली होतं. दुसरा रिमोट मुलाबरोबर पुण्याला गेलाय. बसवणारा म्हणतो, रिमोट आणि पेटी दोन्ही बदला. बदलू का?"

ताई, इतक्यात काही बदलू नका. तुम्ही चार ओळींत जे लिहिलंय त्यात निम्मं निदान होऊन गेलं आहे. तुमच्या शटरवाल्याने ते नीट ऐकलं असतं तर त्यालाही कळलं असतं.

शटरचं काम एका साखळीसारखं चालतं. रिमोट संदेश सोडतो, तो हवेतून जातो, पेटीतला रिसीव्हर तो पकडतो आणि ओळखीचा असला तर रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा खटका, ओढतो, रिले मोटरला वीज देतो, मोटर शटर गुंडाळते. भिंतीवरची बटणं या साखळीत रिसीव्हरच्या पुढे जोडलेली असतात. त्या बटणांनी शटर चालतंय म्हणजे मोटर, तिला फिरायला धक्का देणारा कंडेन्सर, शटर टोकाला थांबवणारा लिमिट स्विच आणि घरातून येणारी वीज, सगळं शाबूत आहे. या सगळ्यावर आता फुली मारा.

पुढचं. जवळून का होईना, रिमोट चालतोय. म्हणजे रिसीव्हर जिवंत आहे, त्याला तुमच्या रिमोटचा कोड आठवतोय आणि रिलेही ओढतोय. कोड पुसला गेला असता तर तुम्ही पेटीला रिमोट चिकटवून दाबला असता तरी काही झालं नसतं. तेव्हा तुमची तक्रार 'रिमोट बंद पडला' ही नाहीच. तुमची तक्रार आहे 'पल्ला कमी झाला'. आमच्या धंद्यात या दोन तक्रारींची औषधं पूर्ण वेगळी आहेत, आणि गिऱ्हाईक दोन्हीला एकच नाव देतं.

पल्ला कमी होतो तो मुख्यतः तीन कारणांनी. रिमोट हळू आवाजात बोलतोय, किंवा रिसीव्हरचा कान बधिर झालाय, किंवा मध्ये कोणीतरी गोंगाट करतंय. तुमच्या पत्रातले 'गणपतीनंतर' आणि 'संध्याकाळी' हे दोन शब्द वाचून माझा संशय तिसऱ्यावर आहे. पण त्याआधी सेलचं बघून घेऊ. 'नवीन सेल घातला' हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकतोय आणि त्यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही.

तुमच्या शटरच्या रिमोटमध्ये बहुधा बारा व्होल्टचा बारीक सेल असेल, बोटाच्या पेराएवढा. त्यात दोन जाती आहेत, २३ए आणि २७ए. लांबी दोघांची जवळपास सारखी, अठ्ठावीस मिलिमीटरच्या आसपास. जाडीत फरक. २३ए दहा मिलिमीटरचा, २७ए आठचा. दुकानदार घाईत कोणताही हातात ठेवतो. जाडा सेल बारक्याच्या खाचेत बसत नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. उलटी चूक मात्र लपते. बारका सेल जाड्याच्या खाचेत आरामात जातो, पण सैल बसतो. मग रिमोट एका कोनात धरला तर चालतो, दुसऱ्या कोनात नाही. सेल काढून त्यावरचा आकडा वाचा आणि जुन्याशी ताडून पाहा.

दुसरं, या सेलमध्ये जीव फार नसतो. आत एकावर एक रचलेले आठ छोटे बटणसेल असतात, दीड व्होल्टचा एकेक, म्हणून बारा होतात. आठांतला एक जरी थकला तरी सगळ्यांची वाट अडते. दुकानाच्या दारात उन्हात दोन वर्षं टांगलेल्या पट्टीतला 'नवीन' सेल हा नवीन नसतोच. पाकिटावरची मुदत बघून घ्या.

आणि लाल दिवा. दिवा लागतो म्हणजे सेल चांगला, ही समजूत सोडून द्या. एवढ्याशा दिव्याला नाममात्र वीज पुरते. संदेश लांब फेकायला मात्र जोर लागतो. सेल आठ-नऊ व्होल्टवर आला तरी दिवा मजेत लागतो आणि पल्ला वीस पावलांवरून दोन पावलांवर येतो. घरात मल्टिमीटर असेल तर सेल नुसता बाहेर काढून मोजू नका. बाहेर काढलेला थकलेला सेलही साडेअकरा दाखवून फसवतो. सेल रिमोटमध्ये असताना, बटण दाबून धरलेलं असताना, त्याच्या दोन टोकांवर मोजा. माझा ठोकताळा असा: दाबल्यावर अकराच्या वर राहिला तर ठीक, दहाच्या खाली घसरला तर सेल फेकायचा, मग तो कालच आणलेला का असेना.

चपट्या नाण्यासारखा सेल असेल, म्हणजे सीआर२०३२ किंवा सीआर२०१६, तर तो तीन व्होल्टचा. त्यालाही हाच नियम, फक्त आकडे लहान. घरात लहान मूल असेल तर जुना नाणेसेल टेबलावर ठेवून विसरू नका. गिळला तर अन्ननलिका भाजते. त्यात थट्टा नाही.

जाता जाता एक गंमत. मोबाइलचा कॅमेरा रिमोटवर रोखून 'दिवा दिसत नाही, रिमोट मेला' असं सांगणारे बरेच भेटतात. ती युक्ती टीव्हीच्या रिमोटची, कारण तो डोळ्याला न दिसणारा प्रकाश सोडतो. शटरचा रिमोट रेडिओ लहरी सोडतो. त्या कॅमेऱ्यात दिसत नाहीत, आणि रिमोट शटरकडे नेम धरून दाबायचीही गरज नसते.

सेल ठीक निघाला तर आता मूळ संशयाकडे येतो. मला एक सांगा, गणपतीत गॅरेजमध्ये किंवा गॅरेजच्या तोंडावर नवा दिवा लावलात का? एलईडीची ट्यूब, पट्टी, माळ, फोकस, काहीही? सजावटीसाठी लावला आणि 'राहू दे, छान उजेड पडतो' म्हणून तसाच ठेवला? आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरातलं कोणीतरी तो लावून ठेवतं का?

असं असेल तर तुमच्या रिमोटला काहीही झालेलं नाही.

आपल्याकडे असे बहुतेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात. ४३३ ते ४३४ हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी आपल्याकडे विनापरवाना खुला आहे, त्यामुळे शटर, गेट, बिनतारी बेल, गाडीच्या किल्ल्या, सगळी जत्रा तिथेच भरते. आता एलईडी दिव्याच्या पोटात एक छोटी वीज-पेटी असते, ड्रायव्हर म्हणतात. तो घरातल्या २३० व्होल्टचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे करून दिव्याला हवी तशी वीज बनवतो. चांगल्या कंपनीच्या दिव्यात हे तुकडे करताना उठणारा कचरा अडवायला गाळणी असते. पन्नास रुपये वाचवणाऱ्या दिव्यात ती गाळणी नसते. मग तो कचरा वायरींतून आणि हवेतून पसरतो आणि थेट ४३३च्या पट्ट्यापर्यंत चढतो. तुमच्या आमच्या कानाला काही ऐकू येत नाही, पण रिसीव्हरसाठी तो विसर्जनाच्या मिरवणुकीतला डीजे. त्या गदारोळात तुम्ही वळणावरून मारलेली हाक त्याला कुठून ऐकू येणार? शेजारी उभं राहून ओरडलात तर ऐकू येते. तुमचं नेमकं तेच चाललं आहे.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, पोळून सांगतोय. काही वर्षांपूर्वी शिवाजी पार्कच्या बाजूला एका गिऱ्हाइकाची अशीच तक्रार होती. मी रिमोट बदलला. दोन दिवसांनी फोन. रिसीव्हर बदलला, पैसे घेतले. पुन्हा फोन. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा भर दुपार होती आणि लोडशेडिंग नसताना इमारतीचा दिव्यांचा फ्यूज उडालेला होता. शटरची लाइन वेगळी, ती चालू. रिमोट रस्त्याच्या पलीकडून चालला. मी तिथेच उभा राहून वर पाहिलं, तर पेटीच्या हातभर अंतरावर नवीकोरी एलईडी ट्यूब. आधीच्या दोन्ही वेळा मी तिच्याच उजेडात काम केलं होतं. रिसीव्हरचे पैसे परत केले, आणि तेव्हापासून पेटी उघडण्याआधी दिवे बंद करतो.

तर तुमची चाचणी अशी. आज संध्याकाळी, ज्या वेळी हमखास अडतं त्याच वेळी, गॅरेजमधले आणि आसपासचे सगळे दिवे चालू ठेवून शटरपासून मागे चालत जा. किती पावलांवर रिमोट बंद पडतो ते मोजा. मग सगळे दिवे बंद करा. पंखा, कॅमेऱ्याचा अडॅप्टर, वायफायचा डबा, गॅरेजमध्ये चार्जिंगला लावलेली स्कूटर, जे काही प्लगमध्ये आहे ते काढा. फक्त शटरची लाइन चालू राहू द्या. पुन्हा तीच पावलं मोजा. आकडा दोनवरून वीसवर गेला तर चोर सापडला. मग एकेक वस्तू परत लावत जा, कोणती लावल्यावर आकडा पडतो ते लगेच कळेल. रिमोट दर वेळी त्याच उंचीवर, त्याच हातात धरा, नाहीतर मोजणीला अर्थ राहत नाही.

एक सोपी खूण आणखी आहे. तुमच्या गाडीची किल्लीही बहुधा याच ४३३च्या पट्ट्यातली असेल. गॅरेजच्या तोंडाशी तीसुद्धा कुरकुर करते का? बाजारात, ऑफिसखाली झटकन लॉक होणारी गाडी घरापाशीच दोनदा दाबायला लावत असेल, तर हवेत गोंगाट आहे हे नक्की समजा.

दिवाच दोषी निघाला तर तो बरा ड्रायव्हर असलेल्या कंपनीचा आणा, किंवा आहे तोच दिवा पेटीपासून दोन-तीन मीटर लांब हलवा. अंतराने खूप फरक पडतो. दिव्याच्या वायरीवर चिमट्यासारखा बसणारा फेराइटचा मणी मिळतो. जुन्या संगणकाच्या केबलवर जो काळा गठ्ठा असायचा, तोच. लॅमिंग्टन रोडला कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मागा. तो कधी काम करतो, कधी नाही. स्वस्त आहे म्हणून करून पाहायला हरकत नाही, एवढंच.

दिवे बंद करूनही पावलं वाढली नाहीत, तर मग रिसीव्हरचा कान तपासायचा. म्हणजे अँटेना. रिसीव्हरच्या पाटीतून, म्हणजे सर्किट बोर्डातून, एक एकेरी वायर बाहेर लोंबत असते, तिला काही जोडलेलं नसतं. बरेच वायरमन तिला 'फालतू वायर' समजून गुंडाळून आत कोंबतात, नीटनेटकं दिसावं म्हणून. काही कापूनच टाकतात. तीच अँटेना. ४३३.९२ला तिची लांबी सव्वासतरा सेंटिमीटर लागते, वीतभराला थोडी कमी, कारण त्या लहरीची लांबी एकोणसत्तर सेंटिमीटर आणि अँटेना तिच्या चतुर्थांशाची. ती सरळ हवी, मोकळी हवी आणि पत्र्याला चिकटलेली नको. पत्र्याच्या बंद डब्यात रिसीव्हर ठेवून अँटेनाही आतच गुंडाळलेली असेल, तर तो माणूस तोंडात बोळा कोंबून आणि कानात कापूस घालून बसल्यासारखा आहे. डब्याला भोक पाडून वायर बाहेर खाली सोडली की पल्ला लगेच सुधारतो. पार्ल्यात, दादरमध्ये जुन्या इमारतींत उंदीरही ही वायर कुरतडतात. चार बोटं उरलेली अँटेना मी कितीदा पाहिली आहे.

मात्र पेटी उघडण्याआधी शटरचा एमसीबी, म्हणजे त्या लाइनचा मेन खटका, खाली पाडा, आणि टेस्टर लावून खात्री करा. मोटरचा कंडेन्सर त्या पेटीत असेल तर वीज बंद केल्यावरही त्यात काही काळ झटका शिल्लक असतो. हात घालायचा धीर होत नसेल तर घालू नका. अँटेना वायरमनकडून सरळ करून घ्यायला फार पैसे लागत नाहीत.

आता रिमोटच. मुंबईच्या हवेत रिमोटचा खरा शत्रू म्हणजे दमटपणा, आणि समुद्राजवळ राहणाऱ्यांना वर खारं वारं. माहीम, वरळी, वर्सोव्याकडचे रिमोट उघडले की सेलच्या पत्र्यांवर हिरवट-पांढरी साय दिसते. चार महिने पावसाळा, रिमोट ओल्या रेनकोटच्या खिशात किंवा स्कूटरच्या डिकीत ओल्या फडक्यासोबत, मग दुसरं काय होणार. पत्रे खोडरबराने घासा, फार चढलं असेल तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पुसा. मोबाइल दुरुस्तीवाले 'आयपीए' म्हणतात ते हेच. घासलेट, सेंट, सॅनिटायझर यातलं काही नको, त्यात पाणी किंवा तेल असतं. पत्रा थोडा बाहेर वाकवा म्हणजे सेल घट्ट बसेल. बटणाखाली काळा रबर असेल तर त्याचीही पाठ आणि समोरची पाटी पुसा. टिकटिक आवाज करणारी बटणं असतील तर ती झिजतात, आणि रोज वापरायचं 'वर'चं बटण सगळ्यात आधी जातं. 'खाली' चालतं आणि 'वर' चालत नाही, अशी तक्रार आली की ते बटण. मोबाइल दुरुस्तीवाला पाच मिनिटांत नवं डकवून देतो.

रिमोट एकदा जोरात पडला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. पाटीवर एक छोटी गोल धातूची डबी असते, तिच्या आत ४३३.९२चा ठोका धरणारा स्फटिक बसवलेला असतो. आपटल्याने तो तडकतो. मग दिवा लागतो, बटण दाबलं जातं, आणि बाहेर जातं काही नाही किंवा भलत्याच ठिकाणी जातं. अशा रिमोटची दुरुस्ती करत बसू नये, नवा घ्यावा. तुमच्या मुलाकडचा रिमोट या सगळ्या प्रश्नांचा एका मिनिटात निकाल लावेल. तो पुण्याहून येईल तेव्हा दोन्ही रिमोटची पावलं मोजा. दोन्ही सारखेच कमी चालले तर रिमोट निर्दोष. त्याचा लांबून चालला आणि तुमचा नाही, तर तुमचाच आजारी. दिवाळीत येईलच ना घरी?

गाडीतून दाबताना हात खिडकीबाहेर काढूनही एकदा करून बघा. काचांवर धातूची फिल्म असेल तर ती लहरी अडवते. नवी गाडी, नवी फिल्म आणि अचानक पल्ला कमी, असं मी पाहिलं आहे.

मध्येच एक विचित्र प्रकार सांगतो, कारण तो झाला की माणसं भूतबाधा असल्यासारखी घाबरतात. माटुंग्याला एका गल्लीत एका संध्याकाळी तीन शटरं आणि एक सोसायटीचं गेट एकाच वेळी मुकं झालं. मी पोचेपर्यंत सगळं आपोआप सुरू. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. कारण असं निघालं की एकाच्या गाडीत सीटच्या फटीत त्याचा दुसऱ्याच जागेचा रिमोट अडकला होता. कोणी बसलं की बटण दाबलं जायचं आणि दाबलेलंच राहायचं. तो अखंड ओरडत राहिला की गल्लीतल्या बाकीच्या रिसीव्हरना काही ऐकू येईना. बारीक सेल दोन-तीन तासांत संपायचा आणि गल्ली मोकळी. मग तो गृहस्थ बिचारा 'सेल टिकत नाही' म्हणून नवा घालायचा. तुमचा त्रास रोजचा आहे, म्हणून तुमच्याकडे हे नसावं.

वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं, ज्यांची लक्षणं ताईंपेक्षा वेगळी आहेत.

भिंतीवरचं बटणही चालत नसेल तर रिमोटच्या नादी लागू नका. एमसीबी पडलाय का बघा. शटर चार-पाच वेळा लागोपाठ वर-खाली केलं असेल तर मोटर तापून आतला कटआऊट उडतो. अर्धा तास थांबा, ती थंड होऊन आपोआप सुरू होते. मोटर हुं-हुं करते पण फिरत नाही, तर कंडेन्सर गेला. लगेच बटण सोडा, नाहीतर वाइंडिंग जळेल, आणि मिस्त्री बोलवा. तोवर गाडी काढायची असेल तर एमसीबी पाडून बाजूच्या साखळीने शटर वर घ्या. साखळी ओढताना खाली कोणी उभं राहणार नाही एवढं पाहा, पोरंटोरं आणि मांजर धरून.

भिंतीवरचं बटण चालतं, पण कुठलाच रिमोट पेटीला चिकटवूनही चालत नाही, तर बहुतेक वेळा रिसीव्हरला वीज पोचत नसते. त्याला बारा किंवा चोवीस व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर असतो, तो मेलेला असतो. रिसीव्हरवरचा छोटा दिवाच लागलेला नसेल तर हेच कारण. पेटीत पाल शिरून पाटीवर भाजून निघालेलीही मी पाहिली आहे. पावसाळ्यात ती उबेला येते. वायरींच्या भोकांना रबराची बुचं लावा. रिमोट दाबल्यावर पेटीत 'टिक' आवाज येतो पण मोटर हलत नाही, तर रिलेचे संपर्क काळे पडलेत. चार बटणांच्या रिमोटवर कुलपाचं बटण असतं. काही पेट्यांत ते दाबलं की बाकी सगळं गप्प होतं. घरात नातू असेल तर हे आधी तपासा.

रिमोट सुट्टीत गावी नेला, तिथे पोरांनी खेळणं म्हणून शेकडो वेळा दाबला, आणि परत आल्यावर शटर ओळख देईना, असंही होतं. काही रिमोट दर दाबण्याला कोड बदलतात. त्यांना बदलते कोड म्हणतात, मायक्रोचिपच्या एचसीएस३०१ या चिपचे तसे असतात. रिसीव्हर पुढचे सोळा कोड मानतो. त्यापलीकडे रिमोट पुढे पळाला तर पहिल्या दाबण्याला तो गप्प बसतो आणि लागोपाठचा दुसरा संदेश बरोबर आला की पुन्हा जुळवून घेतो. म्हणून पेटीजवळ उभं राहून दोन-तीनदा नीट दाबा, कोडिंगला माणूस बोलावण्याआधी.

आणि कोडिंगबद्दल एक ताकीद. रिसीव्हरवर एक छोटं लर्न बटण असतं. ते क्षणभर दाबून रिमोट दाबला की नवा रिमोट जोडला जातो. पण तेच बटण आठ-दहा सेकंद दाबून धरलं तर बऱ्याच पाट्या आधीचे सगळे रिमोट पुसून टाकतात. ताई, तुम्ही हे केलंत तर पुण्याचा रिमोटही बाद होईल आणि तो इथे आणून पुन्हा जोडावा लागेल. तुमच्या प्रश्नात कोडिंगचा काही संबंध नाही, म्हणून त्या बटणाला हातच लावू नका. रिमोट हरवला किंवा चोरीला गेला, तरच सगळे पुसून हातातले परत जोडायचे. स्वस्त रिमोटचा कोड कायम एकच असतो, तो कोणीही कॉपी करू शकतो, हे त्या वेळी लक्षात असू द्या.

आता तुमच्या शटरवाल्याचं, 'दोन्ही बदला'. तो लबाड आहे असं मी म्हणत नाही. दोन्ही बदललं की त्याला पुन्हा यावं लागणार नाही, असं त्याला वाटतं. पण दिवा तोच राहिला तर नवा रिमोटही त्याच दोन पावलांवर चालेल. चाचणीनंतर दिवा निर्दोष ठरला, अँटेना सरळ आहे, सेल ताजा आहे आणि दोन्ही रिमोटचा पल्ला कमी आहे, तेव्हाच रिसीव्हर बदला. बदलताना 'सुपरहेट' रिसीव्हर मागा. स्वस्तातले रिसीव्हर सुपर-रिजनरेटिव्ह असतात, त्यांचा कान मोठा पण निवड नाही, शेजारचा सगळा गोंगाट आत घेतात. सुपरहेट आपल्या पट्ट्यापुरतं ऐकतो. काही शे रुपयांचा फरक आहे, आणि एलईडीच्या या दिवसांत तो देण्यासारखा आहे. जुन्या रिमोटची चिप कोणती ते सांगून घ्या, म्हणजे तोच रिमोट चालेल आणि रिमोटचे पैसे वाचतील.

तेव्हा आज संध्याकाळी दिवे लावून आणि दिवे विझवून, दोन्ही वेळची पावलं मोजा, आणि दोन आकडे मला कळवा. जमलं तर पेटीचं झाकण उघडून, एमसीबी पाडलेला असताना, आतल्या पाटीचा एक फोटोही काढून ठेवा. अँटेना कुठे आहे ते त्यावरून सांगता येईल.